अण्णा दातारांची न घेतलेली फटफटी

दातारअण्णांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बसायला एक लाकडी खोकं पुढे केलं. घरात खुर्ची नव्हतीच. खोक्यावर काळ्या रंगात एकाखाली एक गावांची नावं लिहिलेली होती. झाशी, जबलपूर, अजमेर, जयपूर. शेवटचं सोडून बाकीच्यांवर आडवी रेघ. "बदलीचा माणूस मी," अण्णा म्हणाले. "खुर्ची घेतली की ती न्यायला खोकं लागतं. मग म्हटलं, खोक्यावरच बसावं." या युक्तिवादाचं त्यांना स्वतःलाच इतकं कौतुक होतं की प्रत्येक नव्या पाहुण्याला ते तो ऐकवत. मग आतून मालतीकाकूंचा आवाज येई, "आणि खिळ्यांना साड्या फाटतात, तेही सांगा की!"

अण्णा मूळचे वाईचे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत हिशेब तपासायचे. जयपूरच्या बनीपार्कात त्यांचं बिऱ्हाड आमच्या समोरच होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून गल्लीतल्या सगळ्या पोरांवर त्यांचा थोडा थोडा हक्क होता. माझे वडील कॉलेजात शिकवत आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढत. कामगारांसाठी, दुष्काळासाठी, युद्धाच्या विरोधात. मी चालायला शिकले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांना धरून, आणि वाचायलाही त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे जगात दोनच बाजू असतात, एक न्यायाची आणि एक अन्यायाची, याबद्दल मला कधी शंका आली नाही. अण्णा मला 'पत्रकबाई' म्हणत. "काय पत्रकबाई, आज कुणाचं राज्य उलथवलंत?"

अण्णांना मात्र प्रत्येक गोष्टीला दोन बाजू दिसत आणि दोन्ही न्यायाच्या दिसत. दूधवाल्याचं आणि शेजारणीचं दुधातल्या पाण्यावरून भांडण झालं तर दोघंही अण्णांकडे येत, दोघांनाही चहा मिळे, आणि आपलंच खरं ठरलं अशा समाधानात दोघंही परत जात. "घाईनं दिलेलं उत्तर म्हणजे न वाचता केलेली सही," असं ते म्हणत. कचेरीत त्यांची ख्यातीच होती. दातारसाहेबांकडे कागद गेला की वेळ लागेल, पण अन्याय होणार नाही.

सुबेदार भंवरसिंग त्यांच्या आयुष्यात आला तो याच ख्यातीमुळे. आग्रा रोडवरच्या कानोत्याचा हा फौजी माणूस आपल्या पेन्शनच्या कागदासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. अण्णांनी त्याला समोर बसवून घेतलं, त्याचा कागद पहिल्या ओळीपासून वाचला आणि कुठे काय अडलंय ते शोधून काढलं. पेन्शन सुरू झाल्यावर सुबेदार टोपलीभर पेरू घेऊन घरी आला. अण्णांनी त्यातला एक उचलला, त्याच्यासमोरच खाल्ला, आणि टोपली परत केली. "एक दोस्ती का," ते म्हणाले. "बाकी के आपके बच्चों के." सुबेदार त्या दिवसापासून त्यांचा झाला.

महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. सुबेदारानं निरोप पाठवला की आपली मोटारसायकल विकायची आहे. कंबरेच्या जुन्या दुखण्यामुळे आता किक मारवत नाही, शिवाय शेतात विहीर खणायची आहे. पहिला हक्क साहेबांचा. अण्णा तरुणपणी वाईच्या एका डॉक्टरांची मोटारसायकल चालवत असत, आणि त्या दिवसांविषयी बोलताना त्यांचा आवाज बदले. काकूंनी निरोप ऐकला आणि रविवारचं जेवण शनिवारीच करून ठेवलं.

मीही त्यांच्याबरोबर बसनं कानोत्याला गेले. सुबेदाराच्या अंगणात, कडुनिंबाखाली ती उभी होती. विलायती, पाचशे सीसीची, मागे लोखंडी कॅरिअर, दोन्ही अंगांना कातडी थैल्या. उन्हापावसानं टाकीचा रंग उडाला होता. सुबेदारानं गुण सांगायच्या आधी दोषच सांगितले. क्लच दोनदा बदललाय. तेल गळतं. थंडीत दोन-चार लाथांशिवाय उठत नाही. "और मीटर पे मत जाना साहब. एक बार पूरा घूम चुका है, ये दूसरा चक्कर है."

"इतनी कहाँ चलाई?" अण्णांनी विचारलं.

"नौकरी में भी, छुट्टी में भी. महू, देवळाली, पूना. पूना के आगे एक घाट है साहब, बड़ा टेढ़ा..."

"खंबाटकी!" अण्णा जवळजवळ ओरडलेच.

"हाँ, वही. दो बार चढ़ी है."

अण्णांनी टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आपण ज्या वाटेनं घर सोडलं त्या वाटेवरची धूळ हिच्या चाकांना लागून गेली आहे, हे त्यांना कुठेतरी फार आत लागलं असावं.

मग ते स्वार झाले. काकूंनी पदर खोचला, एका बाजूनं मागे बसल्या आणि दोघं आग्रा रोडला लागले. परत आले तेव्हा काकूंचा अंबाडा सुटला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, घेऊन टाका."

"मालती, ही किती चालली आहे, ऐकलंस ना?"

"मीही चाललेच आहे की तुमच्या मागे झाशीपासून. मला टाकलंत का?"

सुबेदाराला मराठी कळत नव्हतं, तरी तोही हसला. अण्णा हसले, गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि म्हणाले, "सोच के बताता हूँ."

"सोचिए साहब. जब तक आप हाँ-ना नहीं करते, ये किसी और की नहीं."

आणि अण्णांनी विचार सुरू केला. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, कचेरीत, ज्याला त्याला ते फटफटीबद्दल विचारत. बँकेतले कुलकर्णी म्हणाले, "एवढी चाललेली गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचा संधिवात विकत घेणं, अण्णा." अण्णांना ते पटलं. माझे वडील म्हणाले, जी इतकी चालली तिची परीक्षा झाली, नव्या गाडीची अजून व्हायची आहे. अण्णांना तेही पटलं. पावसाळा आला तेव्हा ते म्हणाले, पावसात कशाला घ्या. दिवाळीत म्हणाले, थंडीत ती उठत नाही असं सुबेदार स्वतःच म्हणाला होता.

एकदा मी भडकलेच. "अण्णा, घ्यायची नसेल तर सरळ नाही म्हणून सांगा त्या माणसाला!"

"नाही म्हटलं की विषय संपतो, पत्रकबाई."

"मग संपवा!"

त्यांनी दाराकडे पाहिलं, काकू स्वयंपाकघरात आहेत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "मी पुण्याला बदली मागितली आहे. महाराष्ट्र झाल्यापासून दरवर्षी मागतोय. गाडी घेतली तर जयपुरातच राहायचं ठरवलं, असं होतं ना ग. आणि नाही म्हटलं, तर... कसली चालते ती! घाट चढलीय." मग पुन्हा हळूच म्हणाले, "आणि मालतीला काय सांगू?"

सुबेदार मध्ये एकदा जयपूरला आला होता, औषधं घ्यायला. खोक्यावर बसून चहा प्यायला. गाडीचा विषय त्यानं काढला नाही, अण्णांनीच काढला. "अभी विचार चल रहा है, सुबेदारसाहब." तो म्हणाला, "आराम से, साहब," आणि कप खाली ठेवून उठला. त्या दिवशी सही न करणारा माणूस मला प्रथमच अन्यायी वाटला. पण मी ते बोलले नाही, कारण सुबेदारालाच घाई नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. काकूंनी तर गाडीचं नाव काढणंच सोडलं होतं. रविवारी त्या भाजी निवडत बसत आणि रस्त्यावरून एखादी फटफटी गेली तरी मान वर करत नसत.

असा दुसराही हिवाळा गेला. तिसऱ्याच्या तोंडाशी पुण्याच्या बदलीचा हुकूम आला. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. निघण्याआधी मंडळाचं आवळीभोजन होतं, आणि ते त्या वर्षी कानोत्याजवळच्या एका बागेत ठरलं. अण्णा आधी नको म्हणत होते. काकूच म्हणाल्या, "शेवटचं आहे, जाऊ या."

आवळ्याखाली पंगत उठली तेव्हा सुबेदार काठी टेकत तिथे आला. साहेब आलेत असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "हमारे गाँव आए और घर नहीं आए?" त्याचा आग्रह मोडवेना. अण्णा, काकू आणि मी त्याच्या घरी गेलो.

अंगणात कडुनिंबाखाली ताडपत्रीनं झाकलेलं काहीतरी होतं. सुबेदारानं ताडपत्री ओढली. गाडी होती. सांगाड्याखाली विटा लावून उचललेली, म्हणजे टायर बसू नयेत. टाकी पुसून लख्ख केलेली. "हर इतवार बेटे से स्टार्ट करवाता हूँ," तो म्हणाला. "पिछली गर्मियों में दौसा का एक ठेकेदार आया था, अच्छे पैसे दे रहा था. मैंने कहा, ये साहब की है, उन्होंने अभी ना नहीं कहा."

मी शेताकडे पाहिलं. बांधाजवळ मातीचा ढीग होता आणि शेजारी माणूसभर खोलीचा कोरडा खड्डा. सुबेदाराला माझी नजर दिसली. "पत्थर लग गया था," तो हसत म्हणाला. "बारूद के पैसे लगेंगे. गाड़ी जाएगी तो हो जाएगा. कोई जल्दी नहीं."

दोन वर्षं त्या माणसानं अर्धी विहीर तशीच ठेवली होती. कुणाच्या जुलमानं नाही. कुठल्या सावकारानं, कुठल्या सरकारनं ती अडवली नव्हती. एका सज्जन माणसाच्या विचार करण्यानं अडवली होती. या गोष्टीवर कोणतं पत्रक काढायचं, ते मला तिथे उभं राहून सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

"सुबेदारसाहब," अण्णा म्हणाले. "मैं... हमारी बदली... मैं ऐसा करता हूँ, दो दिन में..."

काकू पुढे झाल्या. त्यांनी आपला हात गाडीच्या सीटवर ठेवला, मागच्या, जिथे त्या बसल्या होत्या. "भाईसाहब," त्या म्हणाल्या, "हम नहीं लेंगे. हम पूना जा रहे हैं. आप बेच दीजिए. हमको पहले बोलना था. माफ करना."

सुबेदारानं आधी अण्णांकडे पाहिलं, मग काकूंकडे. "इसमें माफ़ी कैसी, बहनजी," तो म्हणाला. "आपने बता दिया, बस." मग त्यानं चहा मागवला, आणि आम्हाला तो प्यावा लागला.

बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले होते. आग्रा रोड संपत आला तेव्हा ते म्हणाले, "मालती, तू नव्हतं म्हणायचं. ते माझं काम होतं."

"मग केलं का नाहीत?" काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

गाडी पुढे कुण्या दूधवाल्यानं घेतली. ठेकेदार देत होता त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत, असं मागाहून कानावर आलं.

पुण्याला गेल्यावर अण्णा बदलले. मला हे काकूंनीच सांगितलं, गेल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले तेव्हा. कुणी काही विचारायचा अवकाश, अण्णा ताबडतोब उत्तर देत. वर्गणी द्याल का? हो. मंडळाचं काम पाहाल का? नाही. भाडेकरू ठेवता का? हो. प्रश्न पुरता संपूही देत नसत. कचेरीत त्यांना आधीपासून ओळखणारे लोक चकित होत. काही उत्तरं चुकीची निघत, माणसं दुखावली जात, पण अण्णांना चालत असे. कुणी आपल्यासाठी दारात उभं राहता कामा नये, एवढंच त्यांच्या मनानं घेतलं होतं.

पोटात दुखू लागलं तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशन केलं तर बरी आशा आहे, धोकाही आहे, घरी जाऊन विचार करा, दोघांनी बोला, सावकाश सांगा. अण्णांनी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "तुम्हाला ताटकळत ठेवत नाही, डॉक्टर."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला हे सांगताना काकूंचे डोळे कोरडे होते. पुढ्यात तांदळाचं ताट होतं आणि त्या खडे वेचत होत्या.

"मी शेजारीच बसले होते ग," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांकडून दोन दिवस मागून घ्यायचे होते. दिले असते त्यांनी."