दहापैकी सात

माझी लेक तीन दिवस जेवणाच्या टेबलाशी बसते, पण जेवत नाही. समोर बासष्ट वह्यांचा गठ्ठा, तपासून वाटलेला, आता परत मागवून घेतलेला. ती तो पुन्हा वाचते, या वेळी हातात पेन न घेता. हिला काही होईल ही धास्ती मनातून जात नाही.

अकरा वर्षं ती कॉलेजात इंग्रजी शिकवते. स्वतः पहिल्या वर्षाला असताना वर्गात कविता वाचताना अडखळली, सगळे हसले. घरी येऊन म्हणाली, "आई, मी हेच शिकवणार. आणि कुणाला हसू देणार नाही." तिच्या वर्गात दर शुक्रवारी एक पान लिहायचं, विषय ज्याचा त्याचा. बहुतेकांच्या घरी कुणाला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मुलं त्यात खरं ते लिहितात.

एकटीला एवढं उरकत नाही. गेल्या वर्षापासून अर्धा गठ्ठा मी घेते.

"आई, चुका मोजत बसू नकोस गं. आधी नुसतं वाच."

"वाचायचं तू. माझं स्पेलिंग तुझ्या पोरांपेक्षा बरं आहे."

"त्यांच्यापेक्षा म्हणजे काही फार नाही हं," म्हणून हसायची.

सोमवारी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला इस्पितळात नेलं. अजून शुद्धीवर नाही. वडिलांनी तिची वही शेजाऱ्याकडून वाचून घेतली. जगायचं नाही, असं तिने चार साध्या वाक्यांत लिहिलं होतं. खाली लाल शाईत शेरा: दहापैकी सात, वाक्यं नीट, अक्षर सुधार.

शेरा माझ्या हातचा आहे. चौथ्या वाक्याला बरोबरची खूण करून मी पुढची वही ओढली होती.

प्राचार्यांना लेक म्हणाली, "मीच तपासली." उद्या दहाला मुलीच्या वडिलांसमोर तेच सांगणार. नोकरी जाईल.

"खरं का सांगत नाहीस?" मी विचारलं.

"वर्ग माझा होता ना. झोप तू."

झोप कसली येतेय. म्हणून हे लिहीत बसलेय. वह्या माझ्याकडे तपासायला दिल्या म्हणूनही तिला बोल लागेल, ते कळतं मला. पण न वाचता गुण देणारी ती नव्हे.

प्राचार्यांचा नंबर फ्रिजवरच्या यादीत आहे. सकाळी ती आंघोळीला गेली की मी फोन लावणार. अक्षर ताडून पाहायचं म्हणाले, तर हाच कागद घेऊन जाईन.