तेलवाल्याचा बैल

माझ्या बहिणीला दोन ठिकाणांहून नकार आला होता. रंग सावळा, उंची बापासारखी. तिसरं स्थळ अकोटचं. त्या घरात शब्द चालायचा मुलाच्या मामाचा. मामा अकोल्याचे. ते अकोटला आले होते आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत जाणार होते. त्याआधी मुलगी दाखवा, नाही तर राहू द्या, असा निरोप आला.

आमची अंजनगावजवळ वांग्यांची आणि पानाची बाग होती. पहाटेच दमणी जुंपली. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. आत माय, बहीण आणि मी, पुढं बा. एक बैल घरचा, दुसरा बानं आठ दिवसांपूर्वी बाजारातून आणलेला. बानं त्याचे दात पाहिले, खूर पाहिले, चाल पाहिली. तो आधी कोणाकडं काय काम करत होता, एवढंच विचारायचं राहिलं.

पहिल्याच गावात नवा बैल एका घरासमोर उभा राहिला. बानं शेपटी पिरगाळली, शिव्या दिल्या. हलेना. शेवटी गावातल्या दोघांनी वेसण धरून ओढत नेला, तेव्हा चालू लागला. पुढच्या गावात तो शाळेपाशी थांबला. मास्तर हातात बाटली घेऊन बाहेर आले, गाडीत नटूनथटून बसलेली बहीण पाहिली आणि बाटली धोतरामागं लपवून आत गेले. मग दर्ग्यापाशी थांबला. तिथला फकीर पणती घेऊनच उठला. आम्हाला काही कळेना. ऊन डोक्यावर आलं. बहीण पदर तोंडात धरून बसली होती.

चौथ्या ठिकाणी एक म्हातारी मडकं घेऊन आली.

"तेल आणलं का?"

"कायचं तेल? आमी पोरगी दाखवाले चाललो," बा म्हणाला.

"मंग माह्या दारात काहून थांबले? मी का नवरदेव हाय?"

माय खाली उतरली. "आमी नाही थांबलो बाई, बैल थांबला."

म्हातारीनं बैलाकडं पाहिलं. "अगं, हा तं तेलवाल्याचा. दर आठवड्याले येत होता."

बा उगाच कासरा सारखा करू लागला. मी मायच्या जागी असते तर तिथंच त्याच्याशी भांडले असते. मायनं ते केलं नाही. तिनं म्हातारीला विचारलं, "तो याले हाकलत कसा होता?"

"हाकलतच नव्हता. तेल मोजून झालं का माप डब्यावर ठोके, शेवटचा थेंब पडावा म्हून. ते आयकलं का हा निघे."

सोयऱ्यांसाठी लाडवांचा पत्र्याचा डबा घेतला होता. मायनं तो काढला आणि पितळेची वाटी त्यावर तीनदा ठोकली. बैल असा निघाला की मायच खाली राहिली. लुगडं सावरत धावत येऊन चढली.

मग प्रत्येक गावात तेच. बैल थांबला की माय डबा ठोकायची. लोक भांडी घेऊन बाहेर यायचे, तोवर आम्ही पुढं गेलेलो.

"लोकं हासून राहिले," बा म्हणाला.

"हासू द्या. तिकडं मामा निघून राहिला."

अकोटला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बा गाडी सोयऱ्यांच्या घराकडं वळवू लागला. मायनं ती मोटारीच्या अड्ड्याकडं घ्यायला लावली.

"रस्त्यावर पोरगी दाखवू?"

"घरात का दुसरी दिसन?"

मामांचा एक पाय मोटारीत होता. मायनं उशीर का झाला ते जसंच्या तसं सांगितलं. गाडीचा आस तुटला, ताप आला, असली काही सबब नाही. बा दुसरीकडं पाहत होता. मामा हसले नाहीत. बहिणीकडं पाहून म्हणाले, "थकली असशील पोरी."

"मी बसूनच होती. थकली तं माय," बहीण म्हणाली.

मामांनी मोटारवाल्याला थांबायला सांगितलं आणि आत बसलेल्या मामींना खाली बोलावलं. समोरच्या बांगडीवाल्याकडून कुंकू आणलं. मामींनी आपल्या पदरानं बहिणीच्या कपाळावरची धूळ पुसली आणि कुंकू लावलं. माणसं घरी बसून, सुपारी फोडून जे करतात, ते आमच्याकडं गाठोडी आणि कोंबड्यांच्या टोपल्यांमध्ये उभ्याउभ्या झालं. मोटारवाला भोंगा वाजवतच होता.

मी आयुष्यात शिकलेल्या बायका पुष्कळ पाहिल्या. मायला सहीसुद्धा येत नव्हती. पण कोणाला काय विचारावं, हे तिला जसं कळायचं तसं मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही.

मोटार गेली. बानं बैल सोडले. माय तिथंच दमणीच्या जुवावर बसली आणि बाला म्हणाली, "आता भाकर काढा. सकाळपासून कोणी खाल्लं नाही."