कालवलेली बादली

"पावणं, पाय! आधी पाय बघा, मग तळं बघा!"

ही आरोळी ज्यानं ऐकली नाही, तो त्या वर्षी उन्हाळ्यात रंकाळ्याकडे फिरकलाच नाही असं खुशाल समजावं. आमच्या बोटिंगच्या धक्क्यावर एक जुनी लाकडी लाँच होती. दर उन्हाळ्यात ती काठावर ओढून घ्यायची, डेकवरचा जुना रंग खरवडायचा आणि फळ्यांत पाणी मुरू नये म्हणून नवा थर चढवायचा, हे तात्यांचं काम. मी तिकीट खिडकीवर बसायचे. थर ओला असेतो तात्या शेजारी घमेलं पालथं घालून राखण करायला बसत आणि जवळ येईल त्याच्यावर खेकसत. एकदा एका नव्या नवरीनं फोटोसाठी डेकवर पाऊल टाकायला घेतलं, तर हे तिच्या नवऱ्याला म्हणाले, "अवो पावणं, बायकू सांभाळा, न्हाईतर हितंच चिकटंल! मग तुमी एकटंच जाशीला घरला." नवरा खजील झाला आणि ती मात्र हसत सुटली.

माणसं हाकलायचं काम करणारा हा माणूस स्वतः माणसांचा किती भुकेला होता, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. संध्याकाळी मी खिडकी बंद केली की तात्या काहीतरी निमित्त काढून थांबवून घेत. कुलूप नीट बसलंय का बघा, उद्या ऊन कसं पडंल सांगा. एकदा मी वैतागून म्हणाले, "तात्या, घरी जावा की आता." ते सायकलीचं स्टँड काढत म्हणाले, "जातो की. पर गडमुडशिंगीत माझी वाट बगतंय कोण? भिताडं बोलत्यात व्हय?"

बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. एकुलती एक लेक सुवर्णा, पेठ वडगावला दिलेली. म्हणजे एसटीत बसलं की उतरायचंच, इतकं जवळ. पण ती येत नव्हती आणि हे जात नव्हते.

त्याचं कारण त्या डेकमध्येच होतं, म्हणून कामाबद्दल थोडं सांगायला हवं. खरवडून, घासून, भेगांत लांबी, म्हणजे पुटी, भरून फळ्या उन्हात खडखडीत वाळू द्यायच्या. ओल राहिली तर महिन्याभरात फोड येतात. मग दोन डब्यांतला माल एका बादलीत कालवायचा. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. एकदा कालवला की बादलीतला माल घट्ट व्हायला लागतो आणि उन्हाळ्यात तर चहा पिऊन येईस्तोवर त्याचा दगड होतो. त्याआधी तो डेकवर पसरायचा आणि ओल्यातच वर चाळलेली वाळू भुरभुरायची, म्हणजे चढणाऱ्याचा पाय घसरत नाही. मध्ये थांबलं तर जोड दिसतो आणि त्या जोडातूनच पुढं पाणी शिरतं. तात्या म्हणत, "बादली कालवली की माणूस बांधला गेला. मग दारात देव उभा ऱ्हायला तरी त्याला म्हणायचं, टेक जरा."

त्यांची बायको दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट. लेक आईजवळ बसलेली. डॉक्टर म्हणाले होते की धोका टळला, म्हणून तात्या कामावर आले होते. दुपारी लेकीचा फोन खिडकीवर आला आणि मी पळत गेले. "तात्या, चला लवकर, सुवर्णानं बोलावलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. तोंड पार उतरलं होतं. "एवढी बादली हातावेगळी करतो आन् निघतोच," म्हणाले. हात मात्र एकदम दुप्पट वेगानं चालायला लागला. डेक पुरा झाला. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईच्या उशाशी बसलेल्या लेकीनं मान वर करून एवढंच विचारलं, "आबा, वाळली काय तुमची फळी?" दिवसकार्य झालं आणि ती जी वडगावला गेली ती गेलीच.

काम करताना हात चिकट असत, म्हणून तात्यांचा मोबाईल माझ्या टेबलाच्या खणात असायचा. संध्याकाळी हात पुसत विचारायचे, "वाजलाता काय?" नाही म्हणायचा मला कंटाळा यायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीचा रागही. पण ज्या पोरीनं एकटीनं आई जाताना पाहिली, तिच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? एकदा मीच म्हणाले, "तुम्हीच जाऊन या की." तर म्हणाले, "जाऊन काय सांगू? रंग लावत हुतो म्हणून?"

गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात तो मोबाईल वाजला. सुवर्णाच होती. गगनबावड्याला लग्नाला गेली होती, परतताना कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरली होती. "पोरगी आजोबा बघायचा म्हणून हटून बसलीया," ती तुटक बोलली. "वडगावची गाडी लागायच्या आत आबा आले तर भेट हुईल."

मी धावत गेले. तात्यांनी नुकतीच बादली कालवली होती. अर्धा डेक राखाडी झाला होता, अर्धा कोराच. मी सांगितलं आणि मनात म्हटलं, झालं, आता बादली आडवी येणार. पण त्यांनी ब्रश तिथंच टाकला, हातसुद्धा धुतले नाहीत, आणि समोरून रिक्षा येत होती तिच्यापुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले. रिक्षावाला शिव्या देत थांबला. हे आत बसले आणि गेले.

मी बादलीतला माल ढवळून बघितला, पण मला काय येतंय त्यातलं? बघता बघता ब्रशसकट तो घट्ट झाला. संध्याकाळी तात्या आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला फार आनंद झाला होता. मी घरी गोडाचा शिरा केला आणि एकटीनंच खाल्ला.

तिसऱ्या दिवशी आले ते नवा सदरा घालून. मी म्हटलं, "काय तात्या, लेकीनं ठेवून घेतलं वाटतं?" "व्हय," म्हणाले. "तिकडंच ऱ्हायला या म्हणतीया." मग सगळं सांगितलं. स्टँडवरूनच ते लेकीबरोबर वडगावला गेले होते. रंगानं माखलेले हात बघून नातीनं विचारलं, आजोबा, हे जात का नाही? तेव्हा त्यांनी तिला बादलीचं समजावून सांगितलं, कालवल्यावर कसं थांबता येत नाही ते. सुवर्णा स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन रडायला लागली. म्हणाली, "आबा, हे मला तवाच का न्हाई सांगितलं? तुमचा नाइलाजच हुता की."

"मग झालं तर," मी म्हणाले. "मिटलं एकदाचं."

लाँचजवळ जाऊन तात्यांनी तो अर्धा डेक बघितला. बादली पायानं हलवून बघितली, ती जडच्या जड सरकली. मग खाली बसले.

"ताई, बगा की. काय झालं? काय बी झालं न्हाय. एक बादली गेली, अर्धी फळी ऱ्हायली. उद्या खरवडून परत लावली की झालं. त्या दिवशी बी एवढंच झालं असतं. टाकून जाता येत हुतं. मला वाटायचं, येतच न्हाय."

मी त्यांच्याशेजारी टेकले.

"लेक म्हणती नाइलाज हुता. परवा कालवलेली बादली टाकून आलोय, हे तिला ठावं न्हाय. काम उरकून आलो म्हणालोय मी. आता खरं सांगू काय तिला?"

"नका सांगू, तात्या," मी म्हणाले.

ते उठले. "व्हय. न्हाई सांगत," म्हणाले. उरलेला डेक त्यांनी दोन दिवसांत पुरा केला आणि वडगावला राहायला गेले. तिथं सुखात होते म्हणतात. खाऊनपिऊन, नातीला शाळेत सोडून. मी मात्र त्या वर्षी संध्याकाळी खिडकी बंद करून लगेच घरी जायला लागले, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

यंदा थंडीत तात्या झोपेतच गेले. मी वडगावला भेटायला गेले. सुवर्णानं माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, आई गेली त्या दिवशी तुम्ही धक्क्यावर होता. आबांचा खरंच नाइलाज होता, न्हवं? मीच उगाच एवढी वर्षं अबोला धरला."

तिच्या घरात तात्यांचा फोटो अजून लागायचा होता. मी म्हणाले, "व्हय बाई. नाइलाज होता."