ग्राहकाच्या बाजूचा दोष

मिरकरवाडा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात दर्शना कॉम्प्रेसर चालवते. आयटीआय करून ती तिथे लागली तेव्हा जुनी माणसं म्हणायची, ही बाई पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकायची नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली. दर तासाला मीटर बघून दाबाचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय ती चहाला उठत नाही. मीटर न बघताच आकडे भरणाऱ्या एका ऑपरेटरला तिने सगळ्यांसमोर असा काही झापला, की तो दुसऱ्या दिवशी कामावरच आला नाही. बर्फ गोठवणारा अमोनिया गळला तर माणसं मरतात; त्याच्याशी खेळ करणाऱ्या माणसाची तिला कीव येत नाही.

तिचा धाकटा भाऊ ओमकार दोहाला एसीच्या कामावर आहे. दोघं मूळची दाभोळची. दोन वर्षांपूर्वी ओमकारने तिला ठोकळ्यांनी घरं-गावं बांधायच्या एका ऑनलाइन खेळाचा नाद लावला आणि दोघांनी मिळून त्यात दाभोळ बांधायला घेतलं. धक्का झाला, खाडी झाली, वडलांची होडी झाली. ओमकारला शुक्रवारची सुट्टी, म्हणून दर्शनाने आपली सुट्टीही शुक्रवारची करून घेतली. फोनवर दोघांना बोलायला फारसं सुचत नसे. खेळात मात्र तास-तास बोलणं व्हायचं.

फेब्रुवारीत त्यांचा खेळ ज्या फुकटच्या सर्व्हरवर होता, तो बंद झाला. दर्शनाने आधीच सगळं गाव आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. आता खेळ घरूनच चालवायचा, असं तिने ठरवलं. त्यासाठी राउटरला सांगून ठेवावं लागतं, की बाहेरून अमुक नंबरच्या पोर्टवर कोणी आलं तर त्याला या कॉम्प्युटरकडे पाठव. तिने तीन संध्याकाळी वाचून ते समजून घेतलं, कॉम्प्युटरचा घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे एक आकडा, पक्का केला, पोर्ट उघडला आणि सगळं वहीत लिहून ठेवलं.

शुक्रवारी ओमकार आत येईना.

"ताई, नुसतं फिरतंय गो. शेवटी कनेक्शन नाही म्हणतंय."

दर्शनाने सगळं पुन्हा तपासलं. फायरवॉल बघितली, खेळ बंद करून चालू केला, पोर्टचा नंबर बदलून बघितला. घरातल्या घरात मोबाइलवरून खेळ उघडत होता. बाहेरून नाही. तिने इंटरनेटवाल्यांना फोन लावला.

"मॅडम, राउटर बंद करून चालू करा."

"चार वेळा केला. मला पोर्ट फॉरवर्डिंगबद्दल विचारायचंय."

पलीकडचा मुलगा म्हणाला, "घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्याल?"

दर्शनाचे कान तापले. "घरात मीच आहे. तुमच्याकडे कोणी समजणारं आहे का, त्याला द्या."

त्याने तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'तक्रार निकाली. ग्राहकाच्या बाजूचा दोष.' कोणी आलं नव्हतं, कोणी काही बघितलं नव्हतं. तिने पुन्हा तक्रार केली. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी बाबल्या नावाचा त्यांचा माणूस आला आणि ती चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात त्याने राउटरच्या मागच्या भोकात टाचणी दाबून धरली.

"काय केलंस?"

"रिसेट मारला. आता चालेल."

तिची सगळी सेटिंग्ज पुसली गेली होती. चहा तसाच ओट्यावर राहिला. "कारखान्यात असा न विचारता हात लावला असतास ना, तर तिथल्या तिथे बाहेर काढला असता तुला," ती म्हणाली. बाबल्या पिशवी उचलून गेला. तासाभरात त्या तिसऱ्या तक्रारीवरही तोच शेरा आला.

त्या रागातच तिने राउटरच्या सेटिंग्जचं पान उघडलं आणि एकेक ओळ नव्याने वाचायला घेतली. बाहेरच्या जोडणीचा पत्ता शंभरने सुरू होत होता. 'माझा पत्ता काय' सांगणाऱ्या साइटवर मात्र वेगळाच आकडा दिसत होता. तिने दोन्ही शेजारी शेजारी लिहिले आणि शोधाशोध केली. तासाभरात उलगडा झाला. इंटरनेट कंपनीने शेकडो घरं एकाच पत्त्यामागे कोंबली होती. ओमकार येऊन थडकत होता तो कंपनीच्या दारावर. दर्शनाच्या राउटरपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. तिने घरात काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता.

तीन आठवडे. तिला ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून ती तशीच, कारखान्याच्या कपड्यांत, एसटी स्टँडजवळच्या त्यांच्या ऑफिसात गेली. तिथल्या सखाराम नावाच्या मॅनेजरने तिला बसा म्हटलं. ती बसली नाही.

"हे दोन आकडे बघा. वेगळे का आहेत?"

सखारामने कागदाकडे पाहिलं आणि खुर्ची सरकवली. "ते टेक्निकल असतं ताई. तुम्हाला सांगून..."

"मला सांगा. मला कळतं."

"सगळ्यांना एकच पत्ता असतो. पत्ते कमी पडतात ना. सगळीकडे असंच चालतं."

"चालू दे की. पण मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? दोष माझा, असं तीनदा लिहिलंत! नीट बघितलं तरी होतं का कोणी?"

सखारामने कागद तिच्याकडे परत सरकवला.

"न बघता लिहिलंत. मी असं लिहिलं ना, तर माणसं मरतील," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि त्याचा तिला आणखीच राग येत होता. "एक तर मला वेगळा पत्ता द्या, नाहीतर या जोडणीवर हे होत नाही असं सहीनिशी लिहून द्या. आणि त्या तिन्ही तक्रारींवरचा शेरा बदला."

लिहून द्यायला सखाराम तयार नव्हता. त्याने दोन ठिकाणी फोन केले. संध्याकाळपर्यंत वेगळा पत्ता मिळेल, म्हणाला. शेऱ्याचं मात्र "बघतो" म्हणाला.

पत्ता खरोखरच मिळाला. शुक्रवारी तिने वहीत बघून सेटिंग्ज पुन्हा भरली आणि ओमकारला बोलावलं.

"नाही गो, तसंच फिरतंय."

दर्शनाने वही भिंतीवर फेकून मारली. मग स्वतःच उचलून आणली. या वेळी दोष तिच्या बाजूचा होता. रिसेटनंतर राउटरने कॉम्प्युटरला घरातला नवा पत्ता दिला होता आणि ती वहीतल्या जुन्याच पत्त्यावर पोर्ट पाठवत होती. आकडा न बघता उतरवला होता, तिने. स्वतःला शिव्या देत तिने तो बदलला.

ओमकार धक्क्यावर उभा दिसला.

"आलो!" तो म्हणाला. "एवढ्यासाठी महिना लावलास?"

"एवढ्यासाठी?" दर्शना भडकली. जेंट्सपासून टाचणीपर्यंत सगळं तिने त्याला ऐकवलं. तो मध्येच हसला, तशी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ ठोकळ्यांचं गाव नुसतं बघत राहिली. पडद्यावर ओमकारने धक्क्याच्या मोडक्या पायऱ्या दुरुस्त करायला घेतल्या होत्या. तो चुकीचा दगड लावत होता.

तिने हेडफोन चढवला. "जांभा लाव, मेल्या. काळा नाही."

तक्रारींवरचा शेरा अजून बदललेला नाही. दर सोमवारी, पहिली पाळी सुटली की, ती सखारामच्या ऑफिसात जाऊन उभी राहते.