रेगिनाने मनोऱ्याचं तिकीट मागितलं

रेगिना व्रोना माझ्या खालच्या मजल्यावर राहते. मोगिल्नो या आमच्या पोलिश गावातल्या दवाखान्यात ती मालिश करते; पाठ धरलेला निम्मा गाव तिच्या हातांखालून गेला आहे. तिशी ओलांडल्यावर तिची नजर कडेकडेने विझत गेली आणि बेचाळिसाव्या वर्षी उरलंसुरलं तेही गेलं. त्याला बारा वर्षं झाली. नवरा त्याआधीच कामासाठी जर्मनीत गेला होता, तो तिकडचाच झाला. तेव्हापासून थोरली बहीण लुत्सिना तिला हाताला धरून सगळीकडे नेते. कोपराच्या जरा वर, घट्ट धरते.

लुत्सिना वाईट बाई नाही. बहिणीसाठी तिने स्वतःचे कितीतरी रविवार घालवले आहेत. पण रेगिनाचा कोट ती निवडते, केस किती कापायचे ते न्हाव्याला ती सांगते, आणि दुकानदारही रेगिनासमोरच लुत्सिनाला विचारतात, "यांना कुठला चहा देऊ?"

गेल्या मे महिन्यात एका रविवारी मी रेगिनाकडे जेवायला होते, लुत्सिनाही होती. बदकाचं सूप वाढून झालं आणि रेगिना म्हणाली की येत्या शनिवारी ती तोरुनला जाणार आहे. लुत्सिनाला वाटलं, दवाखान्याचं काही काम असेल. रेगिना म्हणाली, काम नाही, फिरायला जातेय. जुनं शहर बघायला, आणि एकटी.

"बघायला?" लुत्सिनाने चमचा खाली ठेवला. "दोनदा जाऊन आलोय आपण. काय काय आहे ते सगळं सांगितलं होतं मी तुला."

"तू बघितलंस, ताई. मी तुझ्या हाताला लटकून होते."

मग बराच वेळ लुत्सिनाच बोलत होती. पायऱ्या, गाड्या, पाकीटमार. शेवटी ती म्हणाली, मी दहा पावलं मागून येते, तोंडातून शब्द काढणार नाही. रेगिनाने सांगितलं की तुझ्या बुटांचा आवाज मला वीस पावलांवरून कळतो. मी मान खाली घालून सूप संपवलं.

शनिवारी सकाळी ती पांढरी काठी आणि पाठीवरची पिशवी घेऊन गाडीत बसली. पुढचं सगळं तिनेच मला सांगितलं, तेही एकदा नाही.

नदीच्या पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो. तो ऐकल्याबरोबर ती उठून दाराशी उभी राहिली. स्टेशन आलं का, हे कुणाला विचारावं लागलं नाही. पायऱ्या उतरून ती गावाच्या दिशेने निघाली आणि एका चौकात थांबली. तिला नुसतं ऐकायचं होतं. कबुतरं, कुठल्याशा हॉटेलात खुर्च्या ओढल्याचा आवाज, दूरवर ट्रामची घंटा. तेवढ्यात एका माणसाने तिचा दंड पकडला, तिला रस्त्यापलीकडे नेलं आणि समाधानाने म्हणाला, "झालं बाई, आलो आपण."

"मला यायचंच नव्हतं इकडे," रेगिना म्हणाली. "आता परत नेऊन सोडा. आणि मला धरू नका, मी तुम्हाला धरते."

बिचारा ओशाळला. त्याच्या कोपराला दोन बोटं लावून ती परत आली. जाताना त्याने तिला जुन्या तटबंदीची वाट सांगितली, आणि ती अगदी बरोबर सांगितली.

तटबंदीशी ती तासभर होती. विटा तिच्या पंजापेक्षा लांब होत्या. काही गुळगुळीत, काही कोपऱ्यांवर झिजून गोल झालेल्या. एका विटेत तिला चार लहान खळगे आणि मागे एक मोठा खळगा लागला. कुत्र्याचं पाऊल. वीट ओली असताना कुणाचं तरी कुत्रं तिच्यावरून गेलं होतं, सहाशे-सातशे वर्षांपूर्वी. लुत्सिनाने दोन्ही खेपांना तिला सांगितलं होतं, "इथे नुसती भिंत आहे."

दुपारी तिने मधाच्या, लवंगेच्या वासाचा माग काढत जाऊन पिएर्निक, म्हणजे तिथला मसाल्याचा केक, घेतला, तो उभ्या उभ्या खाल्ला आणि ती एका मनोऱ्याकडे गेली. गावात मनोरे बरेच आहेत. कुठला ते मी सांगत नाही, कारण तिथल्या तिकीटवाल्याला मी नावं ठेवणार आहे. त्याला झेनोन म्हणू. रेगिनाने एक तिकीट मागितलं. त्याने विचारलं, बरोबर कोण आहे. कुणी नाही म्हटल्यावर तो म्हणाला की मग वर सोडता येणार नाही, जिना अरुंद आहे, नियम आहे.

"नियम कुठे लिहिलाय?"

"बाई, लिहिलेला असला तरी तुम्ही कुठे वाचणार?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. रेगिना म्हणते, तिथवर ती घाबरलेली होती. त्या हसण्याने भीती गेली.

"तुम्ही वाचून दाखवा," ती म्हणाली. "मी थांबते." आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली, काठी मांडीवर आडवी घेऊन.

आता कुणालाच वर जाता येईना. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मी यांच्याबरोबर जातो, विषय संपवा. रेगिनाने त्यांचे आभार मानले आणि सांगितलं की मला सोबत नको आहे, तिकीट हवं आहे. झेनोनने टेबलाचे खण उघडले, कागद चाळले. मग वैतागून वरिष्ठांना फोन लावला. फोनवर तो आधी जोरात बोलत होता, मग हळू, मग नुसतं "हो, हो" करत होता. असा नियम नव्हताच. तो म्हणाला, जा तुम्ही, तुमच्याकडून पैसे नकोत.

"सगळ्यांकडून घेता तेवढे घ्या," ती म्हणाली, आणि पुरे झ्लोती मोजून दिल्याशिवाय उठली नाही.

दगडी पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या होत्या. वर लाकडी जिना लागला, तो पावलागणिक कुरकुरत होता. शेवटच्या दारातून बाहेर पडताच वारा असा आला की तिने टोपी काढून खिशात कोंबली. खालून नदीचा वास येत होता. चौकातली बोलणी वर येईपर्यंत एकमेकांत मिसळली होती, आणि पाकोळ्या किंचाळत तिच्या पायांच्या खालून उडत होत्या. पक्षी आपल्या खाली आहेत, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिने कठड्याला धरून चारी बाजूंना फेरी मारली आणि लुत्सिनाला फोन केला.

"कुठे आहेस?" लुत्सिनाने विचारलं.

"मनोऱ्यावर."

"कठड्याजवळ जाऊ नकोस."

"कठड्याला टेकूनच बोलतेय, ताई."

लुत्सिनाने फोन ठेवला.

संध्याकाळी स्टेशनकडे परतताना फुटपाथवर पडलेल्या एका स्कूटरला अडखळून रेगिना आपटली. गुडघा फुटला, पँट फाटली. दोन बायकांनी उठायला मदत केली, ती तिने घेतली. गाडी चुकली, पुढची मिळाली.

मी तिच्या घरी पट्टी बांधत होते तेव्हा लुत्सिना आली. गुडघा पाहून ती एवढंच म्हणाली, "बघितलंस?"

"पडले," रेगिना म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात तूही बर्फावर पडलीस, मनगट मोडून घेतलंस. तुला कुणी घरात बसवलं का?"

लुत्सिनाचं मनगट अजून नीट वळत नाही. रेगिनाच रोज ते चोळून देते. त्या रात्री मात्र लुत्सिना मनगट न चोळून घेताच गेली, आणि पुढचे तीन आठवडे आली नाही. रेगिनाने तेवढ्या दिवसांत स्वतः निवडून नवा कोट आणला, मी नुसती बरोबर होते. तो राखाडी आहे की निळा यावर माझा आणि दुकानदाराचा वाद झाला, पण खिसे खोल होते आणि तिला तेच हवे होते.

चौथ्या आठवड्यात लुत्सिना आली, बाही वर करून खुर्चीत बसली. रेगिनाने तेल गरम केलं. मनगट चोळता चोळता तिने बहिणीला सांगून टाकलं की सप्टेंबरात ती लांब समुद्रकाठी ग्दान्स्कला जाणार आहे, दोन रात्री राहून येणार आहे. लुत्सिनाने विचारलं, तिथे राहायची जागा पक्की केलीस का.

"केली," रेगिना म्हणाली, आणि अंगठ्याने जरा जास्तच जोर दिला.