पाळण्याच्या कडीखालची भिंत

चूक माझीच. रंगाच्या दुकानात मशीनवर मी बसतो. बंडप्पांचा नंबर टाकला, मागच्या वेळचा हिरवा समोर आला, अन् डोकं न वापरता तोच घोटून डबा घरपोच केला. त्यांनी सांगितला होता गडद, कढीपत्त्याच्या पानासारखा. गेला पोपटी.

बंडप्पा मुरुम गावच्या आडतीत मापाडी. काट्यापुढं कितीही भांडणं होवोत, त्यांनी वजन पुकारलं की विषय मिटला. तोच माणूस डब्याचं झाकण उघडून दारातच बसून राहिला.

मागं एकदा त्यांनी ही खोली याच पोपटीनं रंगवली होती. एकुलती लेक गायत्री पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून. छताला पाळण्याची कडीही ठोकली. दवाखान्यातून गायत्री रिकाम्या ओटीनं आली. पुढं घरात कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. आता तिला पुन्हा आठवा लागला होता, अन् भिंतींना ओल चढून रंग पार फुगला होता.

मी धावतपळत गडद डबाही नेऊन दिला. बंडप्पांनी दोन्हीचे पट्टे भिंतीवर शेजारी शेजारी ओढले अन् बायकोला हाक मारली.

"रुद्रम्मा, कुठला देऊ?"

"मला काय विचारता? लेकीला विचारा."

"तिला कसं विचारू?"

"मग मला कसं विचारता?"

पोपटी दिला तर तिला सगळं आठवंल. गडद दिला तर वाटंल, अप्पा विसरले. शेजारचे महांतप्पा डोकावून म्हणाले, "हिरवा तो हिरवाच की, मापाड्या! पावशेराचा फरक न्हाय." बंडप्पा हसले नाहीत.

पट्टे तसेच असताना गायत्री सासरहून आली. कमरेवर हात ठेवून तिनं आधी कडीकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

"अप्पा, हे दोन कशाला?"

"दुकानातल्या पोराचा घोटाळा."

तिनं पोपटी पट्ट्यावर तळवा टेकवला.

"कडीखालची भिंत पोपटीच ऱ्हाऊ द्या. बाकी गडद." मग हळूच, "तेवढी त्याची."

'त्याची'. त्या घरात हा शब्द पहिल्यांदाच कुणी उच्चारला. बंडप्पा "व्हय" म्हणाले अन् ब्रश घेऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्या भिंतीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

उरलेला पोपटी डबा दुकानात परत यायचाय. मालक रोज विचारतो, मी उद्या म्हणतो. गायत्रीचे दिवस अजून भरायचेत. तोवर त्या दारात डबा मागायला जायला पाय उचलत नाही.