आमच्या मामांची टाच

आमच्या सासऱ्यांइतकं जोरात चालणारा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो नक्की मोटरसायकलवर बसलेला असणार. मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणायची पद्धत आहे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मात्र त्यांना सगळे एक्सप्रेस म्हणतात. शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर म्हणून, वाळूचे साचे करत, पस्तीस वर्षं उभ्यानं काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर आता बसतील असं घरातल्यांना वाटलं तर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या सुरू केल्या. रिक्षा ही वस्तू त्यांच्या मते फक्त पेशंट आणि बाळंतीण यांच्यासाठी असते. चालता चालताच बोलायची सवय असल्यानं वाटेत भेटणाऱ्याला त्यांच्या वाक्याचा मधला तुकडा तेवढा मिळतो. पाच वर्षांपूर्वी एकदा एका ओळखीच्या गृहस्थांना 'पोराचं लग्न' एवढंच ऐकू गेलं आणि ते संध्याकाळी आहेर घेऊन दारात हजर. मामा सांगत होते, की पोराचं लग्न होऊन सहा वर्षं झाली.

मला बघायला पेठ वडगावला आले तेव्हाची गोष्ट आमच्या माहेरी अजून सांगतात. बाकीची पाहुणेमंडळी जीपमधून येणार होती. मामांनी जीपमध्ये दाटीवाटीनं बसायचं नाकारलं, एसटीनं आले, स्टँडपासून तरातरा चालत घर गाठलं, पोहे खाल्ले, चहा घेतला, मला पसंत केलं आणि चप्पल पायात घालत होते तेव्हा जीप दारात आली. माझ्या वडिलांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली ही पहिली, बी. कॉम. आहे, एकही विषय मागं न राहता. मामांनी मान डोलवली आणि मला विचारलं, "ते झ्याक झालं. पण भराभर चालतीस का?" मी म्हटलं, शाळेला रोज चालतच जात होते. माझी परीक्षा तिथंच संपली. डिग्रीबद्दल त्या दिवशी कुणी आणखी काही विचारलं नाही याचं मला जरा वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

अशा माणसाची टाच दुखायला लागली, आणि तीही उजवी, जी म्हणे आधी पुढं पडते. मागच्या नवरात्रात नऊ दिवस ते अनवाणी फिरले आणि दसऱ्यानंतर सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायला लागलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पहिली काही पावलं चवड्यांवर टाकत न्हाणीपर्यंत जायचे, त्यामुळं आपल्याच घरात चोरी करायला आल्यासारखे दिसायचे. आम्हाला कळलं ते समोरच्या निवृत्त पोस्टमन काकांमुळं. त्यांच्या गुडघ्यांचं कधीच वाटोळं झालंय, काठी घेऊन चालतात. ते एका सकाळी मुद्दाम आमच्या दारात आले आणि गंभीर चेहऱ्यानं आत्याबाईंना म्हणाले, "वहिनी, काय झालंय यांस्नी? आज मी पुढं गेलतो."

मग उपचारांची जत्राच भरली. आत्याबाईंनी वीट तापवून तिच्यावर रुईची पानं ठेवली आणि मामांना त्यावर टाच दाबायला लावली. गावाकडच्या एका नातेवाईक बाईंनी बिब्बा घातला, त्यानं टाच तशीच दुखत राहिली आणि वर एक फोड आला. फौंड्रीतल्या जुन्या सोबत्यानं मोल्डिंगची वाळू पिशवीतून आणून दिली, ती तव्यावर गरम करून शेकायची. आमच्या भाकरीला आठवडाभर फौंड्रीचा वास येत होता. पण सगळ्यात जालीम उपाय मामांचा स्वतःचा. पाय दुखतोय म्हणजे चालणं कमी पडतंय, असं निदान करून त्यांनी रंकाळ्याच्या दोन फेऱ्यांच्या तीन केल्या.

यामागं कारण होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माघ महिना येत होता. माघातल्या पाच रविवारी कोल्हापुरातून अनवाणी चालत जोतिबाच्या डोंगरावर जायचं, याला आमच्याकडं खेटे म्हणतात. मामांनी एकतीस वर्षं पाचांतला एकही खेटा चुकवला नव्हता. फौंड्रीत डबल शिफ्ट करून, तापात, एका वर्षी तर हाताला प्लास्टर असताना ते गेले होते. डोंगरावर कुणी विचारलं, की कितवं वर्ष, तर त्या आकड्याचं उत्तर देताना मात्र ते चक्क थांबतात. बत्तिसावं वर्ष त्या टाचेवर अडून बसलं होतं.

दिवाळी झाल्यावर मी एक दिवस ऑफिसला सुट्टी टाकली. शाहूपुरीतल्या एका मशिनरीच्या दुकानात मी ऑफिस सांभाळते, सहसा सुट्टी घेत नाही. मामांना रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडं नेलं. रिक्षात ते खाली वाकून बसले होते, कुणी बघू नये म्हणून. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, टाच दाबून बघितली आणि सांगितलं, की टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो तो सुजलाय. बरा होईल, पण महिने लागतील, आणि चालणं सध्या कमी. मग एका फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. ती माझ्यापेक्षाही लहान, वेणी घातलेली मुलगी. तिनं पाच व्यायाम शिकवले आणि सूचनांचा एक कागद दिला. कागद इंग्रजीत होता. घरात इंग्रजी वाचणारी मीच, म्हणून रविवारी बसून मी त्याचं सुवाच्य अक्षरात मराठी केलं आणि फ्रीजवर चिकटवलं. खाली तारीखसुद्धा घातली.

आता मामांना व्यायाम सांगणं म्हणजे पैलवानाला जेवायला बसवण्यासारखं आहे. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा पंधरा वेळा खालीवर करायच्या होत्या. त्यांनी साठ केल्या आणि पोटऱ्या भरून आल्यावर दोन दिवस पलंगावर पडले. ती मुलगी शांतपणे म्हणाली, काका, पंधरा म्हणजे पंधरा. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की आपल्या फौंड्रीचा फोरमनसुद्धा एवढा कडक नव्हता. सकाळी उठायच्या आधी पलंगावरच पंचा तळव्याला अडकवून पाय ताणायचा होता, तर ते असा ताणायचे की दोन पंचे फाटले. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली घोळवायची होती. ती बाटली एका दुपारी वितळलेली बघून पोस्टमन काका सगळी पिऊन गेले आणि तुमच्या फ्रीजचं पाणी लई गोड हाय म्हणाले. आत्याबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

एवढं सगळं करून दोन महिने झाले तरी टाच होती तिथंच. महागाची गुबगुबीत सँडल आणली होती, ती घालून मामा फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे. रंकाळा बंद होता. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. एकदा जेवताना ते ताटाकडं बघत म्हणाले, "यंदा हुतंय असं वाटंना." त्यांच्या तोंडून असलं वाक्य घरात कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं भाकरी मोडायची थांबवली.

पुढच्या खेपेला मीही बरोबर गेले, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बुचकळ्यात पडली. दिवसभरात काय काय करता ते सगळं सांगा म्हणाली. मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बाहेर चालायचं बंद केल्यापासून ते घरातच चालत होते. स्वयंपाकघरापासून पुढच्या सोप्यापर्यंत सकाळी शंभर फेऱ्या आणि संध्याकाळी शंभर, शहाबादी फरशीवर. तिनं विचारलं, पायात काय असतं? मामा तिच्याकडं बघतच राहिले. घरात पायात काय असणार? ती म्हणाली, काका, मी कागदावर पहिल्याच ओळीत लिहून दिलं होतं, अनवाणी अजिबात चालायचं नाही, अंथरुणातून उठल्यापासून. तेव्हा मामांनी खिशातून घडी काढली. माझा फ्रीजवरचा कागद. प्रत्येक खेपेला ते तो बरोबर नेत होते, हे मला माहीत नव्हतं. त्यावर माझ्या अक्षरात पहिली ओळ होती: 'घराबाहेर अनवाणी फिरू नये.'

ते 'घराबाहेर' माझं. इंग्रजीत कुठंच नव्हतं. मी मुद्दाम घातलं असंही नाही. घरात अनवाणी असणं याला अनवाणी म्हणतात हेच माझ्या डोक्यात आलं नाही. देव्हारा असलेल्या घरात चप्पल घालून कोण हिंडतं? पण सात पिढ्यांतल्या पहिल्या ग्रॅज्युएटनं एक शब्द आगाऊ लिहिला आणि म्हाताऱ्या माणसाचे दोन महिने गेले. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी चूक कबूल केली. ती मुलगी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "तिला काय बोलू नगा. तिनं बरोबरच लिवलंय. मला शाळा आसती तर मीबी तेच लिवलं आसतं."

बाहेर आल्यावर मी रडले. मामा दहा पावलं पुढं जाऊन उभे राहिले, पाठ करून, माझं आवरेपर्यंत.

आता प्रश्न आत्याबाईंचा होता. त्यांच्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल म्हणजे देवाचा अपमान. मी दोन दिवस शब्द जुळवत होते, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच निकाल दिला. नवी कोरी मऊ स्लीपर आणायची, जिनं जन्मात रस्ता बघितलेला नाही. ती घरातच राहील, देव्हाऱ्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात जाणार नाही, आणि स्वयंपाकघरात मामांनी गोणपाटाच्या चार घड्यांवर उभं राहायचं. स्लीपर आली त्या दिवशी त्यांनी ती नळाखाली धुतली, पुसली, आणि नव्या गाडीला लावतात तसं दोन्ही पट्ट्यांना कुंकू लावलं. मामा पलंगावर पाय सोडून बसले होते. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बायकोनं पायाशी वस्तू आणून ठेवल्यानं ते इतके अवघडले, की घाईघाईनं उजवी डाव्या पायात घातली.

आणि मग हळूहळू टाच ऐकायला लागली. आधी सकाळच्या खिळ्याची टाचणी झाली. मग एका सकाळी ते न्हाणीपर्यंत पूर्ण पाऊल टेकवत गेले आणि परत येऊन पुन्हा गेले, खात्री करायला. पंधरा म्हणजे पंधराच करायला लागले. मोठ्यानं मोजायचे आणि सोळावा आकडा ओठांवर आला की गिळायचे. पण माघ काही टाचेसाठी थांबणार नव्हता. डांबरावरून अनवाणी एवढं अंतर गेलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असं त्या मुलीनं बजावलं. पहिल्या रविवारी आमच्या गल्लीवरून लोक चांगभलं म्हणत पंचगंगेकडं निघाले तेव्हा मामा सोप्यात स्लीपर घालून उभे होते. ते गेले नाहीत. दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्या नाही, चौथ्याही नाही. एकतीस वर्षांची माळ तुटली. त्यांच्या ताटात त्या चारही रविवारी आत्याबाईंनी जास्त तूप वाढलं.

पाचव्या रविवारसाठी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं परवानगी दिली: डोंगराच्या पायथ्यापासून वर, बूट घालून, सावकाश, आणि दुखलं की थांबायचं. मामांना पटेना. अर्धा रस्ता गाडीवरून आणि वर बूट, याला खेटा कसा म्हणायचा? आत्याबाई कणीक मळत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "देव काय तुमच्या टाचा बघत बसत न्हाय. जावा."

नवऱ्यानं त्यांना मोटरसायकलवरून डोंगराच्या पायथ्याशी, कुशिऱ्यापर्यंत सोडलं. मी मैत्रिणीच्या स्कूटरवरून मागोमाग पोचले. तिथून मामा आणि मी चढायला लागलो. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या बरोबरीनं चालत होते. ते वळणावळणाला थांबायचे, बुटातला पाय हलवून बघायचे, 'न्हाय दुखत' असं स्वतःलाच सांगायचे आणि पुढं व्हायचे. बायका, लेकुरवाळी माणसं, सगळी आमच्या पुढं जात होती. मामा बाजूला होऊन वाट देत होते. एकदा म्हणाले, इथनं वारणेकडचा एवढा मुलूख दिसतोय, मला म्हाईतच न्हवतं. एकतीस वर्षं ते याच वाटेनं गेले होते.

वर बूट काढून दगडी फरशीवर पाऊल ठेवताना मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. डोळे एकदा बारीक झाले, मग सैल झाले. दर्शनाच्या रांगेत मागचा एक तरुण, अंगभर गुलाल, कौतुकानं विचारायला लागला, "आजोबा, किती वर्षं करताय खेटे?"

रांग दोन पावलं सरकली, मामाही सरकले.

"पयलंच वरीस हाय," ते म्हणाले. "आन् ते बी अर्धंच."

पोरगा हसला, त्याला गंमत वाटली. मामा हसले नाहीत, रुसलेलेही नव्हते. उतरताना पायऱ्या आल्या तेव्हा त्यांनी न विचारता माझ्या खांद्यावर हात ठेवला. फौंड्रीत लोखंड ओतलेला हात, मला वाटायचं जड असेल. हलकाच होता. मी पायऱ्या आणखी सावकाश उतरायला लागले.